कुलूप बंद, दिवा हिरवा

१

शेवटच्या साध्या दिवशी आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. परात आईपुढे, टोपली बाबांपुढे आणि मी मधे. बाबा नुकतेच जिनिंगमधून, कापसाची सरकी काढायच्या गिरणीतून, आले होते; तिथे ते फिटर होते. हातपाय धुतले तरी त्यांच्या कानामागे कापसाचा भुरा तसाच राहायचा. हंगामात वरवट बकालच्या आमच्या गल्लीत निम्मी माणसं तशीच दिसतात.

बाबांनी विचारलं, मी पुण्यात नेमकं करते तरी काय. कोणी विचारलं की ते नुसतं 'कॉम्प्युटर' म्हणत आणि विषय कापसाच्या भावाकडे नेत. मी सांगितलं की प्रोग्रामला यंत्राची भाषा कळत नाही आणि यंत्राला प्रोग्रामची. मधे एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी ते ड्रायव्हर लिहिते.

"म्हंजे आमचा गोविंदा," बाबा म्हणाले. "मालक त्याले एक सांगते, अन् तो मले भलतंच."

"अन् तुमी घरी येऊन तिसरंच," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लीनर सुरू झाला, तेव्हा बाबा त्याच्या आत होते.

क्लीनर म्हणजे एक लोखंडी खोलीच. आत दातेरी रूळ फिरतात आणि कापसातली काडी-माती झटकून टाकतात. बाजूला माणूस वाकून आत जाईल एवढं दार, आणि दाराशी एक कुलूप. किल्ली फिरवून काढून घेतली की क्लीनर सुरू होऊ शकत नाही. आत जाणारा फिटर ती किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे तो बाहेर येईपर्यंत कोणाचंच काही चालत नाही.

बाबांना बाहेर काढलं तेव्हा कुलूप बंद होतं. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. खिशाची गुंडी लावलेली होती.

२

बंद खोलीतल्या खुनाच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. कोडं रंगात आलं की उठून चहा करून घ्यायचे, म्हणजे मजा लांबते. आता आईनं चहा पुढे ठेवला तर तो कपात गार होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राही.

गावात तीन गोष्टी बोलल्या जात होत्या. पहिली, ऑपरेटर गोविंदानं मुद्दाम बटण दाबलं. दिवा हिरवा होता असं तो सांगत होता, पण कुलूप बंद असताना दिवा हिरवा कसा असेल? दुसरी, बाबा कुलूप न लावताच आत गेले आणि मागाहून कोणीतरी कुलूप बंद करून किल्ली त्यांच्या खिशात घातली. तिसरी गोष्ट बाया हळू आवाजात बोलत. यंत्राला काहीतरी लागलं आहे, आणि ते एकावर थांबणार नाही.

तिसरीवर माझा विश्वास नव्हता. भीती मात्र तिचीच वाटायची.

नागसेनदादा, माझा चुलतभाऊ, सकाळी येऊन ओट्यावर बसला. बाबांनीच त्याला फिटरकाम शिकवलं होतं. बराच वेळ तो मफलरची गाठ सोडत आणि बांधत राहिला. मग म्हणाला की पोलिसांचं पाहून झालं आहे, कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या आहेत, आणि सोमवारी जिनिंग पुन्हा सुरू होणार.

"रुळाले गुंडाळलेली दोरी तशीच हाय आत," तो म्हणाला. "ते काढाले मलेच जा लागन."

दादाला दोन मुली आहेत. धाकटीला अजून बूट घालता येत नाहीत.

ते यंत्र कशानं सुरू झालं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यातच तो जाणार होता. मी त्याला विचारलं की त्या दिवशी दाराशी सगळ्यांत आधी कोण पोचलं.

"मीच," तो म्हणाला. "आधी कुलपाकडेच पाह्यलं. काकांनी शिकवलं होतं ना, पहिले कुलूप पाहाचं. कुलूप बंद. किल्ली नाई. अन् मयुरी, आतमधी रूळ फिरूनच राह्यले होते."

३

गोविंदाचं घर शाळेच्या मागे आहे. पोलिसांनी त्याला सोडलं होतं, पण गाव सोडायचं नाही असं बजावून. मला पाहून तो खाटेवरून उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसेना.

बाबांशी त्याचं भांडण झालं होतं का, हे मी आधी विचारलं. तो झालं म्हणाला. बाबांनी मालकाकडे तक्रार केली होती की गोविंदा कॅबिनमध्ये मोबाइल पाहत बसतो. तक्रार खरी होती. त्यानं बाबांना शिव्याही दिल्या होत्या, आणि संध्याकाळी त्यांच्याच हातची तंबाखू खाल्ली होती.

मग त्या दिवसाचं सांगितलं. कोणाच्या तरी गाडीतल्या कापसात प्लास्टिकची दोरी निघाली, ती रुळात गेली आणि क्लीनर अडकला. बाबा पाहायला गेले. एरवी दिवसा कोणी आत शिरत नाही, बाहेरूनच आकडीनं ओढतात. आत जायचं ते फक्त सकाळी, साफसफाईला. कॅबिनमधून क्लीनर दिसत नाही, म्हणून गोविंदा स्क्रीनवरच्या दिव्याकडे पाहत बसला. लाल म्हणजे कुलूप बंद, माणूस आत. हिरवा म्हणजे मोकळं.

"दिवा हिरवा होता," तो म्हणाला. "पूर्ण वेळ हिरवा. मले वाटलं, भाऊ आकडीनंच काढून राह्यले. आता काढली असन. हिरव्यावर मी काऊन थांबू? तूच सांग."

मी फक्त विचारलं की त्या दिव्यानं याआधी कधी काही चुकीचं दाखवलं होतं का.

तो नाही म्हणाला. मग काहीतरी आठवून म्हणाला की चुकीचं नाही, पण रोज सकाळी एक खोड होती. बाबा कुलूप लावून साफसफाईला आत जात तेव्हाच तो कॉम्प्युटर चालू करायचा. दिवा लाल दिसायचा. बाबा बाहेर येऊन कुलूप उघडायचे, तरी दिवा लालच. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, की हिरवा व्हायचा. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. आता ते अगरबत्ती लावण्यासारखंच झालं होतं. बाबा बाहेर आले की बंद-चालू, मग अगरबत्ती, मग बटण.

कोणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"काय सांगा लागते त्यात? माणूसही सकाळी दोनदा हाक मारल्याबिगर उठत नाई."

परत निघाले तेव्हा शाळेच्या कोपऱ्यावर एक मोटारसायकल मागे लागली. मी चालण्याचा वेग वाढवला. गाडीनंही वाढवला. मग ती पुढे येऊन आडवी थांबली. वर जिनिंगचे मालक किसनराव होते.

"गोविंदाकडे कशाले गेली होती?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "उद्या हापिसात ये. एकटीच ये."

४

आई नको म्हणत होती. मी नागसेनदादाला फाटकावर थांबायला सांगितलं आणि आत गेले. जिनिंग बंद होतं. एरवी तिथे बोललेलं ऐकू येत नाही. आता माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला.

किसनरावांनी टेबलाचा खण उघडला आणि माझ्यापुढे एक किल्ली ठेवली. क्लीनरच्या कुलपाची.

"दुसरी," ते म्हणाले. "कुलूप आणलं तवाच दोन भेटल्या होत्या. पोलिसाले मी सांगलं नाई."

माझे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. ती किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला बाबा आत असताना कुलूप उघडता आलं असतं. म्हणजे दिवा हिरवा झाला असता, क्लीनर सुरू झाला असता, आणि मग कुलूप पुन्हा बंद. खिशातल्या किल्लीला हात लावायचीही गरज नव्हती. सगळं जुळत होतं, आणि जुळवणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. दार माझ्या मागे होतं. ते बंद आहे की उघडं, हे मागे वळून पाहायची मला हिंमत झाली नाही.

पण तो माणूस घामेजला होता. लोक मलाच धरतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. खणाला नेहमी टाळा असतो, टाळ्याची चावी जानव्याला असते, आणि हे कोणाला पटणार?

मला आठवलं ते नागसेनदादाचं वाक्य. कुलूप बंद होतं आणि रूळ फिरत होते.

चालत्या यंत्राचं कुलूप बंद केलं तर काय व्हायला हवं, असं मी विचारलं. किसनराव म्हणाले, थांबायला हवं, त्यासाठीच ते आहे. मग कोणी दुसऱ्या किल्लीनं ते उघडून पुन्हा बंद केलं असतं, तर बंद करताक्षणी क्लीनर थांबला असता. तो थांबला नव्हता. गोविंदानं किंकाळी ऐकून बंद करायचं लाल बटण दाबलं तेव्हा थांबला. म्हणजे कुलूप कोणी आणि कधी लावलं हा प्रश्नच नव्हता. कुलूप बंद असताना यंत्र चालू होतं, हे दादानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कुलूप खरं सांगत होतं आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

मी विचारलं की या कुलपाला वीज थेट तोडता येत नाही का. पूर्वी यायची, ते म्हणाले. मग सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि कुलपाची तारही तिकडेच वळवली. दोन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर बिघडला, तेव्हा खामगावच्या राजकुमारनं नवीन बसवून दिला.

"दिवाळीत त्यात काही बदल केला होता?"

"बदल कायचा. त्या स्क्रीनवर मुंग्यासारखे आकडे धावत राहे दिवसभर. लक्ष्मीपूजनाले पाहुणे आले, ते म्हणे हे काय लावलं. मी राजकुमारले म्हटलं, काढ बाबा ते. त्यानं काढलं. बस, एवढंच."

दिवाळीत आकडे थांबले. दिवाळीपासूनच सकाळी दिवा लाल राहायला लागला. मी किसनरावांना म्हटलं, राजकुमारला बोलवून घ्या.

५

राजकुमार दुपारच्या एसटीनं आला. माझ्याच वयाचा असेल. लॅपटॉपची पिशवी त्यानं छातीशी धरली होती. त्यानं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

कॅबिनमध्ये बसून त्यानं समजावलं, आणि मी ते किसनरावांसाठी आणि दादासाठी सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड होतं, यंत्राचे सगळे स्विच त्याला जोडलेले. कार्ड जळलं, आणि तसलं कार्ड बनवणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून राजकुमारनं नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. त्यात एक खोटं कार्डही ठेवलं, जे हाताला लागत नाही पण प्रोग्रामला दिसतं, आणि स्विचच्या तारांची खबर त्यालाच मिळते. जुना ड्रायव्हर त्या नसलेल्या कार्डाशी खऱ्यासारखाच बोलायचा. फक्त कुलपाचा भाग जुन्या ड्रायव्हरमध्ये बसेना, तेवढा राजकुमारनं स्वतः लिहिला.

"मी तपासलं होतं, ताई," तो म्हणाला. "कुलूप लावून, उघडून, लावून. दर वेळेस दिवा बदलला. खरंच बदलला."

मी म्हटलं, माझा विश्वास आहे. दाखवा.

त्याचा भाग लहान होता. असल्याच ओळी मी रोज पुण्यात वाचते, आणि चूक सापडली की मला बरं वाटतं.

कार्डाचा प्रत्येक स्विच प्रोग्रामला मेमरीतल्या एखाद्या पत्त्यासारखा दिसतो. पण तिथे काही साठवलेलं नसतं. तो पत्ता वाचणं म्हणजे दर वेळी कार्डाच्या दारावर जाऊन विचारणं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ते स्पष्ट सांगावं लागतं, की ही साधी मेमरी नाही, इथे दर वेळी जाऊनच विचार. जुन्या ड्रायव्हरमध्ये सगळे स्विच तसेच विचारले होते. राजकुमारनं कुलपाचा पत्ता मात्र साध्या मेमरीसारखा वाचला होता.

लिहिलेल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हुशार असतो आणि कामचुकारही. त्यानं पाहिलं की हा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला जातो, पण प्रोग्राममध्ये कोणीच तो बदलत नाही. मग दर वेळी कशाला जायचं? एकदा विचारायचं आणि तेच उत्तर दिवसभर सांगत राहायचं.

"पण मंग तपासताना काऊन चाललं?" दादानं विचारलं.

मी राजकुमारकडे पाहिलं. त्याला एव्हाना कळलं होतं. त्यानं तोंडावर हात ठेवला होता.

आकड्यांमुळे. ती स्क्रीनवर आकडे लिहिणारी ओळ कुलपाच्या दोन वाचनांच्या मधे होती. मधे दुसरं काम आलं की कंपायलरला आधीच्या उत्तराची खात्री राहत नाही आणि तो पुन्हा जाऊन विचारतो. मुंग्या धावत होत्या तोवर कुलपाला दर वेळी विचारलं जात होतं. पाहुण्यांसाठी मुंग्या काढल्या, आणि ड्रायव्हर पहिल्या उत्तरावर झोपून गेला.

म्हणून सकाळी बाबा आत असताना कॉम्प्युटर लागला की दिवा लाल, आणि बाबा बाहेर आले तरी लालच. म्हणून गोविंदाला बंद-चालू करावं लागे. दुसऱ्यांदा चालू होताना कुलूप उघडं असायचं. उत्तर यायचं, मोकळं. मग दिवसभर मोकळंच. त्यानंतर कुलूप लावा की उघडा, दिवा हिरवा. दिवसा आत कोणी जात नसे, म्हणून हे कोणाला कळलं नाही. ज्या दिवशी बाबा गेले, त्या दिवशी त्यांचं कुलूप लावणं त्या नसलेल्या कार्डापर्यंत पोचलं, आणि तिथे विचारायला कोणी आलंच नाही.

मग किसनराव म्हणाले, "म्हंजे मी पाहुण्यायसाठी..."

६

बोलणं पुरेसं नव्हतं. क्लीनरचे पट्टे काढायला लावले, म्हणजे मोटर फिरली तरी रूळ फिरणार नाहीत. गोविंदाला बोलावून घेतलं. तो दारातच घुटमळला. दादानं त्याच्या खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

रोजच्या सकाळसारखंच केलं. कुलूप बंद, कॉम्प्युटर चालू, दिवा लाल. कुलूप उघडलं, दिवा लालच. गोविंदानं बंद-चालू केलं, दिवा हिरवा. मग दादानं कुलूप लावलं आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. दिवा हिरवाच होता.

"दाब," मी म्हटलं.

गोविंदाचं बोट बटणावर टेकलं पण दबेना. शेवटी डोळे मिटून दाबलं. पलीकडे मोटर घुमायला लागली. किसनराव भिंतीकडे वळले. गोविंदा रडत होता, आवाज न करता. त्या दिवशी तो खरं बोलत होता, हे आता कोणी सांगायची गरज राहिली नव्हती. मी किल्ली इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते तळहातावर उमटले.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. कुलपाचं वाचन जुन्या ड्रायव्हरच्या रीतीत नेलं, म्हणजे दर वेळी जाऊनच विचारायचं. ओळी राजकुमारनं लिहिल्या, मी शेजारी बसून वाचल्या. एक शब्द मात्र मीच टंकला. मग पुन्हा कुलूप लावलं. दिवा तत्क्षणी लाल. उघडलं, हिरवा. चालत्या मोटरवर कुलूप फिरवलं, मोटर थांबली. दादानं इतक्यांदा फिरवलं की किसनराव म्हणाले, आता पुरे, किल्ली झिजेल.

दिवाही पुरेसा नाही, असं मी म्हटलं. कुलपाची तार पूर्वीसारखी थेट विजेवर घ्या. तोवर आत माणूस असताना जिनिंगचा मुख्य स्विच पाडून ठेवायचा. किसनराव म्हणाले की त्यानं सगळंच बंद पडेल, गाड्या आणखी थांबतील. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

सोमवारी सकाळी मी दादाबरोबर गेले. गोविंदानं स्वतः मुख्य स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपसून आणले आणि माझ्या ओंजळीत दिले. चिनी मातीचे, जड.

"हे तुह्यापाशी ठेव," तो म्हणाला. "तू देशील तवाच लावीन."

दादानं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून गुंडी लावली. कॅबिनमधला कॉम्प्युटरही मेलेला होता. आता भ्यावं असं काहीच शिल्लक नव्हतं. मी प्रत्येक कडी मनात पुन्हा तपासली, आणि कुठेही सैल कडी सापडली नाही.

मी शाळेत जायची तेव्हा बाबांची न्याहारी घेऊन या दाराशी येत असे. ते वाकून आत शिरायचे. मी पाय दिसेनासे होईपर्यंत उभी राही आणि मग श्वास रोखून वाट पाही. आमच्याकडे कामाला निघालेल्या माणसाला कोणी मागून हाक मारून टोकत नाही, अपशकुन होतो म्हणतात. मीही कधी टोकलं नाही. मग मोठी झाले, पुण्याला गेले, तरी फोनवर ते 'आता जातो आत' म्हणाले की मी 'हो' म्हणून ठेवून द्यायची.

नागसेनदादानं चपला काढल्या. दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाशी नेला, अगदी बाबांसारखाच, आणि वाकला.

"बाबा," मी म्हणाले.

तो तसाच वाकलेला थांबला. गोविंदानं, किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. हाक चुकली हे मला कळलं होतं, पण मी ती बदलली नाही.

"बाबा, आत नका जाऊ. मले भेव लागते."